आई शांत झाली ते दिवस

माझ्या आईचा राग पहाटेच्या पहिल्या बादलीपासून सुरू व्हायचा. विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळायचं आणि कापडावर जे बारीक जीव राहिले ते पुन्हा विहिरीतच अलगद सोडून यायचे, हा आम्हा जैनांच्या घरचा नेम. हे काम माझं, आणि मी ते आईच्या मनासारखं जन्मात एकदा केलं नाही. "पदमे, हे कापड तू पाणी गाळाले आणलं का कावळे हाकलाले?" इथून जी सुरुवात व्हायची ती चुलीपर्यंत, चुलीवरून गल्लीतल्या चैत्यालयापर्यंत, आणि दर्शन घेऊन येताना वाटेत कोणी सापडलं तर त्याच्यापर्यंत. वरणाला उकळी लवकर आली तरी ओरडायची, उशिरा आली तरी ओरडायची. बाबांचं किराणा दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं, मध्ये फक्त एक पडदा. गिऱ्हाइकाला साखर मोजून देताना आतून आईचा आवाज आला की बाबा हातात तराजू तसाच धरून डोळे मिटायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "शेठजी, आज काय झालं बाप्पा?" बाबा म्हणायचे, "काही नाही, सगळं ठीक हाय." आणि ते खरंच असायचं.

तिच्या हाताला चव होती हे सांगायला मला आत्ता कोणाची भीती नाही. तेव्हा तिच्यासमोर म्हटलं असतं तर म्हणाली असती, "चव हाताले नसते, ध्यानाले असते." तिच्या पातोड्या, बेसनाच्या त्या वड्या, ती रश्शात अशा सोडायची की एक फुटायची नाही. कांदा नाही, लसूण नाही, तरी वास आमच्या शिरपूरच्या बसस्टँडपर्यंत जायचा असं बाबा म्हणायचे. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून दुपार कलली की घरात जी पळापळ सुरू व्हायची, तिचा सगळा कारभार आईच्या जिभेवर चालायचा. आमच्या चंदाआत्या, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहीण, विधवा होऊन माहेरी आलेल्या, फार धार्मिक बाई. त्या माळ जपताजपता सुस्कारा टाकायच्या. "गुणमाला, इतका क्रोध बरा नाही. कषाय वाढते, मनाचा मळ वाढते." आई म्हणायची, "तुमी माळ ओढा, मी भाकरी थापतो. दोघीचंबी पुण्य येका जागी टाकू."

पण तिचं खरं रणांगण म्हणजे शेवंतामावशी. शेवंतामावशी केनवडची. स्वतःच्या वावरातली गवार, दोडके, चवळीच्या शेंगा टोपल्यात घालून ती बाजाराच्या दिवशी एस.टी.ने शिरपूरला यायची आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोतं अंथरून बसायची. आई तिच्याशी भाव करायची म्हणजे काय करायची! दोडका हातात घेऊन म्हणायची, "हा काय तू मागच्या सालचा जपून ठेवला व्हता काय वं?" शेवंता म्हणायची, "घेता का पाह्यता नुसत्या? पाहाचे पैसे नाही घेत मी." आई उठून चालू लागायची, शेवंता हाका मारायची, आई परत यायची, पुन्हा उठायची. आजूबाजूच्या बाया हातातलं काम टाकून दारात यायच्या. शेवटी सौदा नेहमी तिथंच पटायचा जिथं पटणार हे दोघींना पहिल्यापासून ठाऊक असायचं. मग आई तिला घरातून ताक आणून द्यायची आणि दोघी ओट्यावर बसून आपापल्या नवऱ्यांबद्दल बोलायच्या.

हे लिहिताना मी किती वेळा उठले, देव जाणे. गॅसवर काही नाही, दारात कोणी नाही, तरी उठते, पाहून येते, पुन्हा बसते. डॉक्टरांनी माझी गोळी मागच्या महिन्यात वाढवली आहे, तेव्हापासून हा प्रकार. हो, आईला पुढे सुरू झाली तीच गोळी आता मलाही आहे. थायरॉइडची. आईकडून डोरलं आलं, पातोड्या आल्या, आणि हेही आलं. गोळी कमी पडत होती तेव्हा मी या लिखाणाचं दुसरं वाक्य घेऊन आठवडाभर बसले होते, कारण 'गाळणं' हा शब्दच मला सापडत नव्हता. हाताने करून दाखवत होते, पण शब्द येईना. आता शब्द एकमेकांच्या अंगावर पडून राहिलेत आणि हात थरथरतोय. पुढच्या सोमवारी तपासून गोळी थोडी कमी करू म्हणतात. तोवर जमेल तेवढं लिहून घेते, कारण पुन्हा मंदावले तर हे कोण सांगणार?

तर आई शांत झाली. एकदम नाही झाली. एकदम झाली असती तर कोणीही धावलं असतं. मी मॅट्रिकच्या वर्षात जाणार होते. आधी तिचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणाले. मग उन्हाळ्यात, वैशाखात, जेव्हा आमच्याकडे कुत्रीसुद्धा पाण्याच्या टाक्याखाली जाऊन पडतात, ती शाल पांघरून बसू लागली. चेहरा भरल्यासारखा दिसायला लागला, पापण्या जड, बाया म्हणायच्या, "गुणमालाबाई, तब्येत सुधारली तुमची." जेवण मात्र कमी झालं होतं. मी पाण्याचं कापड मुद्दाम उलटं धरलं, तरी काही बोलली नाही. एके सकाळी मी विहिरीवर गेले तर ती स्वतः तिथं उभी. कापड हातात, बादली पायाशी, आणि नजर कुठंतरी लांब. मी विचारलं, "आई, काय करून राह्यली?" ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "याच्या पुढं काय करतात वं, पदमा?" पदमा म्हणाली. पदमे नाही. मी कापड तिच्या हातातून घेतलं आणि पाणी गाळलं.

घरात मात्र सगळे खूश. खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस मीही खूश होते. दुकानातलं गिऱ्हाईक चौकशी करेनासं झालं. बाबांचे डोळे उघडे राहू लागले. चंदाआत्या तर रोज नवं कौतुक सांगायच्या. गुणमालानं दागिने काढून ठेवले (बोटं सुजली होती, अंगठी रुतत होती), गुणमालाले आता मिठाचीबी ओढ राह्यली नाही (भाजीत मीठ टाकायचंच ती विसरत होती), गुणमाला सामायिकाले, ध्यानाले, बसली तर हलत नाही (उठायचं तिच्या जिवावर यायचं). हे कंसातलं मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळत होतं की आत्या सांगतात ते सगळं डोळ्यांना दिसतं तसंच आहे आणि तरी काहीतरी पार चुकतंय. आत्यांनी त्याला नाव दिलं, वैराग्य. आमच्या समाजात हा शब्द एकदा एखाद्या बाईला चिकटला की लोक तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागतात. शेजारच्या बाया आईच्या पाया पडून जाऊ लागल्या. आई त्यांच्याकडे पाहायची आणि म्हणायची, "बरं."

सगळ्या गल्लीत एकट्या शेवंतामावशीला हे पटलं नाही. एका बाजारच्या दिवशी आई माझ्यासोबत गेली, गवार उचलली, शेवंतानं जो भाव सांगितला तो पदराच्या गाठीतून काढून दिला आणि वळली. शेवंता पोत्यावरून उठून उभी राहिली. "अवं बाई! म्या दुप्पट सांगतलं व्हतं!" आई म्हणाली, "बरं." शेवंतानं मला बाजूला ओढलं. "पोरी, तुह्या मायले माह्यावर राग हाय काय? काही चुकलं काय माह्यं? भांडत काहून नाही थे?" मी म्हटलं, "मावशी, आईले वैराग्य आलं." शेवंता पुन्हा पोत्यावर बसली. "आलं असंन बाप्पा," म्हणाली, "पन मले लय भेव वाटून राह्यलं."

त्या पावसाळ्यात आर्यिका माताजींचा संघ चातुर्मासाला शिरपुरात आला. पांढऱ्या साडीतल्या साध्व्या, हातात मोरपिसांची पिंछी, पायी चालणाऱ्या. गावाला जत्रेचं रूप आलं. रोज सकाळी प्रवचन, मग कोणाच्या तरी घरी माताजींचा आहार. आत्यांनी आईला प्रवचनात पहिल्या रांगेत बसवायला सुरुवात केली. आणि महिनाभरात, कसं ठरलं, कोणी ठरवलं, मला आजही नीट सांगता येणार नाही, पण ठरलं. दिवाळीनंतर संघ पुढे विहार करील तेव्हा गुणमालाबाई घर सोडून संघासोबत जाणार. पुढे यथावकाश दीक्षा. मला हे दुकानात काडेपेटी घ्यायला आलेल्या माणसाकडून कळलं. मी पडदा ओढून आत गेले, आई भिंतीला टेकून बसली होती. म्हटलं, "आई, तू जाणार हायस?" ती म्हणाली, "म्हणते तर सगळे." "पण तुले जायचं हाय काय?" यावर तिनं खूप विचार केला. खरंच केला, कपाळावर आठी आली. मग म्हणाली, "मले काही समजत नाही वं. कापूस भरल्यासारखं झालं डोकशात." मी बाबांकडे गेले. बाबा गिऱ्हाइकाची पुडी बांधत होते, वर न बघता म्हणाले, "नाही म्हणू कसा बाई? असं भाग्य कोणाच्या घरी येते?" पुडीचा दोरा मात्र त्यांना बांधता येईना, शेवटी मीच बांधला.

भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू झालं आणि एके दिवशी माताजींच्या आहाराचा मान आमच्या घरी आला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हा प्रकार म्हणजे परीक्षाच. साध्वी दिवसातून एकदाच जेवतात, पाणीसुद्धा तेव्हाच. हाताच्या ओंजळीत घेतात. आणि त्या घासात केस निघाला, मेलेला जीव निघाला, तर तो अंतराय. तिथंच थांबायचं, ओंजळ सोडायची, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाणी नाही. म्हणून आमच्या घरात दोन दिवस धान्य निवडणं चाललं होतं. दाणा न् दाणा पाहिला. आत्यांनी सोवळ्यातल्या साड्या स्वतः धुतल्या. सगळ्यांनी डोकं घट्ट पदरानं बांधलं. माताजी दारात आल्या, आम्ही हात जोडून "वंदामि माताजी" म्हटलं, त्यांना पाटावर आणलं. आता घरच्या बाईनं म्हणायचं असतं, मन शुद्ध आहे, वचन शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, आहार-जल शुद्ध आहे. आईनं हे वाक्य आयुष्यात शेकडो वेळा म्हटलं असेल. ती "मन" म्हणाली आणि थांबली. सगळी खोली तिच्या तोंडाकडे पाहत होती. आत्यांनी मागून वाक्य पुरं केलं.

आईनं पहिला घास ओंजळीत ठेवला. दुसरा ठेवला. माताजींनी अंगठ्यानं घास चाळून पाहिला, त्यांची ती सवयच, आणि हात थांबला. केस. लांब, कोरडा, अर्धा पांढरा केस. आईचाच. तिचे केस त्या वर्षी मूठमूठ गळत होते, पदर कितीही घट्ट बांधला तरी खांद्यावर, बाहीवर सापडायचे. माताजींनी ओंजळ सोडली. हात धुतले आणि उठून गेल्या. भाद्रपदातलं ऊन, तहानलेली बाई, आणि आमच्या घरातून उपाशी गेली. बाबा भिंतीकडे तोंड करून रडत होते. आत्यांनी कपाळ बडवून घेतलं. आणि आई? आईनं ताट झाकलं आणि म्हणाली, "बरं. आता मी निजू काय?"

आत्यांचे हात कपाळावरच थांबले. मग त्या गहिवरल्या. "पाहा! पाहा केवढी समता! इतकं झालं तरी डोळ्यात पाणी नाही. हे तर साधूलेबी जमत नाही." तिथं माझं डोकं फिरलं. मी ओरडले, आईसारखीच ओरडले, "आत्या, हे समता नाही! माह्या आईच्या घरून कोणी उपाशी गेलं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं! तिनं मले मारलं असतं, तुमाले बोलली असती! हे माही आई नाही!" बाबा म्हणाले, "पदमा!" मी थांबले नाही. तशीच अनवाणी धर्मशाळेकडे पळाले.

माताजी ओसरीवर शास्त्र वाचत बसल्या होत्या, ओठ सुकलेले. मी लांबूनच नमस्कार केला आणि रडायला लागले. "माताजी, माझ्या आईला नेऊ नका." त्या कोल्हापूरकडच्या, त्यांची भाषा आमच्यापेक्षा मऊ. म्हणाल्या, "मी कुठं नेतेय गं बाळ? तुमच्या घरचेच आणतायत. मी तिला विचारलं, तुला काय हवं? ती म्हणते, तुम्ही म्हणाल ते. व्रत मागावं लागतं बाळ, ते असं दुसऱ्यानं मागून चालत नाही." मग थोडं थांबून विचारलं, "केस कुणाचा होता?" मी म्हटलं, "आईचा. तिचे फार गळतात." "आणखी काय होतं तिला?" मी सांगत सुटले. शाल, आवाज, विहीर, गवार, 'पदमा' म्हणणं. गवारीचं सांगताना मला हुंदका आवरेना, आणि साध्वीबाई हसल्या. मग गंभीर झाल्या. "तुझ्या वडलांना पाठव. रोगी माणसाला दीक्षा देत नाहीत, शास्त्रात तसं आहे. आधी डॉक्टरांचं लिहून आणा, मग बोलू." एवढंच. मी तिथून उठले तेव्हा त्या पुन्हा पोथीत बघत होत्या.

बाबांनी त्याच आठवड्यात आईला वाशिमला नेलं. मीही गेले. एस.टी.त ती खिडकीला डोकं टेकून झोपली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्म्याच्या. त्यांनी आईच्या गळ्याला बोटं लावून तिला घोट गिळायला सांगितला, मग तिला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवलं आणि लहानशा हातोडीनं टाचेच्या वर मारलं. पाऊल उडालं, आणि मग इतकं हळूहळू परत आलं की बाबासुद्धा पाहत राहिले. बाईंनी पुन्हा मारलं. पुन्हा तसंच. त्या म्हणाल्या, "शेठजी, यांच्या गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉइड. तिचा रस कमी पडला की सगळं मंदावतं. पाय मंद, पोट मंद, डोकं मंद. मनसुद्धा. माणसाला आनंद होत नाही, दुःख होत नाही, आठवत नाही. चुलीत जाळ कमी पडला तर वरण शिजेल का? रक्त अकोल्याला पाठवते, पण मला शंका नाही." बाबांनी विचारलं, "म्हणजे वैराग्य नाही?" बाईंनी चष्मा काढला. "ते मला तपासता येत नाही हो," त्या म्हणाल्या.

रिपोर्ट आला, गोळी सुरू झाली, आणि नवंच महाभारत. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची. आणि आमच्याकडे देवदर्शन केल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालत नाहीत. दर्शन करून येईपर्यंत दूध तापलेलं, आत्यांच्या हातचा उपमा तयार, मग उपाशीपोट कुठलं? पहिले कितीतरी दिवस ती गोळी कधी दुधासोबत गेली, कधी गेलीच नाही. शेवटी मी ठरवलं. फटफटायच्या आत आईला हाताला धरून चैत्यालयात न्यायचं, दर्शन झालं की तिथल्याच पायरीवर गोळी, सोबत तांब्यातलं गाळलेलं पाणी, आणि मग लांबच्या वाटेनं, तळ्याकडून, हळूहळू घरी. तोवर पुरेसा वेळ जायचा. आईच्या पदराच्या गाठीला, जिथं पूर्वी शेवंताचे पैसे असायचे, तिथं आता गोळी. रोज मी तिच्या तोंडाकडे पाहायची. आज काही दिसतं? आज? काही दिसायचं नाही. मला अभ्यास सुचेना, जेवण जाईना, वर्गात फळा दिसत असायचा आणि डोक्यात दिवाळी किती दिवसांवर आली याचाच हिशोब.

मग एक दिवस तिनं शाल काढून ठेवली. आणखी काही दिवसांनी तळ्याच्या वाटेवर म्हणाली, "केवढा चिखल वं हा!" मी थांबून तिच्याकडे पाहिलं. तिला चिखल दिसला होता. कितीतरी महिन्यांनी तिला काहीतरी आवडलं नव्हतं! आणि दिवाळीच्या आधी, देवापुढे चढवायचे निर्वाण लाडू वळताना, माझ्या हातून तुपाची वाटी कलंडली आणि तिनं तोंड उघडलं. आवाज अजून घोगरा होता, पण बाप रे! "हात हाय का वखराचा दांडा? कोणत्या घरी जाणार हे पोट्टी अन् त्यायच्या नशिबी काय लिह्यलं!" पडद्याआडून बाबांचा तराजू खणकन पडल्याचा आवाज आला. मी तशीच तूप भरल्या हातांनी रडत होते आणि हसत होते, आणि ती म्हणत होती, "हासते काय, निर्लज्ज!"

घरात एकट्या आत्या सुन्न होत्या. त्यांना मी कधी दोष दिला नाही, त्यांनी जे पाहिलं ते मनापासून पाहिलं होतं. त्यांनी आईला समोर बसवून म्हटलं, "गुणमाला, त्या गोळीनं तुह्ये कषाय परत आणले. इतक्या वर चढली होतीस माय, त्या इवल्याश्या गोळीनं खाली ओढलं. सोडून दे थे." आई काही बोलली नाही. आता ती बोलू शकत होती तरी बोलली नाही, म्हणून मला जास्त धसका बसला.

दुसऱ्या दिवशी दर्शन झाल्यावर ती पायरीवर बसली, गाठ सोडली, गोळी तळहातावर घेतली आणि बघत राहिली. मी तांब्या धरून उभी. "पदमे," ती म्हणाली, "खरं सांगतो. तवा मले काही दुखत नव्हतं. कोणी काही बोललं तरी आंगाले लागत नव्हतं. सगळे पाया पडत होते. आता हे घेतलं का राग येते, तुम्हाले बोलतो, मग दुपारी त्याचंच वाईट वाटते. मंग हा राग गोळीचा काय? अन् तुले पाहून जीव भरून येते थे? थेबी गोळीचंच?" मला उत्तर येत नव्हतं. आज इतक्या वर्षांनी, तीच गोळी गिळून लिहितेय, तरी येत नाही. मी कोणती खरी, शब्द न सापडणारी की ही उठबस करणारी? डॉक्टर म्हणतात, मधली. मधली फार थोडे दिवस भेटते हो. पण त्या पायरीवर मी हा विचार केला नाही. मी म्हटलं, "गोळीचं असू दे. मले तू पाह्यजे. ओरडणारी पाह्यजे." तिनं नाक मुरडलं. मग गोळी तोंडात टाकली, तांब्या हिसकावून घेतला आणि म्हणाली, "पानी थंडगार आणलं. दात पाडाचे हाय काय माह्ये?"

संघाच्या विहाराचा दिवस आला. सगळं गाव धर्मशाळेपुढे. आईसाठीचा पांढरा साडीजोड आत्यांनी केव्हाच आणून ठेवला होता, तो त्यांच्या मांडीवर होता. बाबा माझ्या शेजारी उभे होते, ओठ घट्ट मिटून. आई पुढे गेली, वाकली. माताजींनी सगळ्यांसमोर विचारलं, "डॉक्टरांचं लिहून आलंय. तू बरी होत्येस. आता तूच सांग, काय मागतेस?" आई उठली, पदर सावरला आणि तिच्या त्या घोगऱ्या, मोठ्या आवाजात, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाली, "माताजी, मले अजून लय राग येते. थो जाईपर्यंत घरीच राहीन म्हणतो." मग माताजी पिंछी तोंडाशी धरून हसल्या. "मग बाई, जन्मभर राहशील," म्हणाल्या, आणि तिच्या डोक्यावरून पिंछी फिरवली.

संघ कारंज्याच्या दिशेनं निघाला, लोक वेशीपर्यंत गेले, आम्ही परतलो. आत्या साडीजोड छातीशी धरून मागे. बाबा दर चार पावलांनी आईकडे पाहून घेत होते. बाजारचा दिवस होता. गल्लीच्या तोंडाशी शेवंतामावशी पोत्यावर बसलेली, आईला येताना पाहून तिनं मान खाली घातली आणि गवारीवर पाणी शिंपडत राहिली. आई तिच्यापुढे थांबली. वाकली, एक शेंग उचलली, मोडून पाहिली.

"हे गवार हाय का काड्या? जनावराले आणली काय वं?"

शेवंताचा हात पाण्यात तसाच राहिला. तिनं वर पाहिलं. डोळे भरून आले, गालावरून खाली आले, पुसायचंही तिला सुचेना. "न्या बाई," ती म्हणाली, "फुकट न्या सगळी. पन अशाच भांडत जा माह्यासंगं."

"फुकट कायले नेऊ?" आई पोत्यापुढे फतकल मारून बसली. "भाव सांग. अन् खरा सांगजो, मागच्या बारी दुप्पट घेतले माह्यापासून!"